शिट्टीवाचून साठ हंगाम

मुलांना छळल्यावाचून खेळात पुरुषार्थ मुरत नाही, ही समजूत ज्यांच्या मनात वहिवाटीच्या बळावर घर करून बसली आहे, त्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पाइन वृक्षांच्या राईत वसलेल्या कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्स विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २००३ साली खेळलेल्या हंगामाकडे एकवार लक्षपूर्वक पाहावे. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा, पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू उराशी धरून धावणाऱ्या गड्याला कवेत घेऊन भुईवर लोळविणे, ज्याला तिकडे ‘टॅकल’ म्हणतात, हा त्या खेळाचा गाभा. बेनेडिक्टीन संन्याशांनी १८५७ साली स्थापिलेली ही संस्था ज्या प्रादेशिक क्रीडामंडळात खेळते, ते १९२० साली स्थापन झालेले, मोजक्या खासगी महाविद्यालयांचे मंडळ आहे. त्याची श्रेणी तिसरी, म्हणजे खेळातील नैपुण्याबद्दल शिष्यवृत्ती देण्यास जेथे नियमानेच मनाई आहे अशी. गडी येतात ते हौसेने, आणि शिक्षण संपताच बहुतेक जण आपापल्या उद्योगाला लागतात.

या संघाचे प्रशिक्षक जॉन गलार्डी यांना ही विद्या लाभली तीही विलक्षण रीतीने. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, कोलोराडोतील त्यांच्या शाळेच्या प्रशिक्षकाला सैन्यात पाचारण झाले, तेव्हा संघ मोडू नये म्हणून सोळा वर्षांच्या या विद्यार्थ्यानेच ती जबाबदारी शिरावर घेतली, आणि जे जे स्वतःला जाचक वाटले होते ते ते काढून टाकण्यास आरंभ केला: निरर्थक कवायत गेली, फेऱ्यांवर फेऱ्या मारणे गेले, आणि तहानलेल्या मुलाला सरावात पाणी नाकारण्याचा, त्या काळी कणखरपणाचे साधन समजला जाणारा, शिरस्ताही गेला. १९५३ साली ते सेंट जॉन्सला आले आणि तेथे साठ हंगाम राहिले. त्यांच्या मैदानावर शिट्टी वाजत नसे. ‘कोच’ हे संबोधन त्यांना खपत नसे, सारे गडी त्यांना नुसते ‘जॉन’ म्हणत. आणि ज्या कृतीवर हा सारा खेळ उभा, त्या टॅकललाच सरावात सक्त बंदी होती. आपलाच गडी आपल्याच गड्याकडून जायबंदी करून घेण्यात कसले शहाणपण?

अशा रीतीने वाढविलेला संघ लेचापेचा निघेल, असे कोणालाही वाटावे. परंतु २००३ च्या ८ नोव्हेंबरला याच मंडळातील बेथेल संघावर २९-२६ अशी निसटती मात करून गलार्डींनी ४०९वा विजय मिळविला आणि ग्रॅम्बलिंगचे थोर प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा उच्चांक मागे टाकला. त्या वेळी त्यांचे वय ७७ होते. पुढे २० डिसेंबरला, व्हर्जिनियातील सेलम येथे, तिसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांची गाठ पडली ती सलग ५५ सामने जिंकत आलेल्या, ओहायोच्या माउंट युनियनशी. सेंट जॉन्सने तो सामना २४-६ असा जिंकला. चौदा सामने, चौदा विजय.

या दाखल्याची मातब्बर संघांनी वेळीच दखल घेतली नाही, ही माझी तक्रार आहे. लहान मुलखातील यश मोठ्यांना लागू पडत नाही, असे गृहीत धरले गेले. २००२ साली डॉ. बेनेट ओमालू यांनी व्यावसायिक फुटबॉलपटू माइक वेब्स्टर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी करून वारंवार बसलेल्या आघातांची भयंकर फलश्रुती उजेडात आणली. २०१० साली डार्टमथने सरावातील टॅकल बंद केले, आणि आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने २०१६ साली हंगामातील सरावापुरती तशीच तजवीज केली. सामन्यातले टॅकल कोणालाच टाळता येत नाही, म्हणून हा खेळ निर्धोक झाला असे मी म्हणणार नाही. परंतु सरावात बसणारा आघात सर्वस्वी टाळता येण्याजोगा होता, तो टाळूनही जिंकता येते याचा पुरावा मिनेसोटाच्या मैदानावर कित्येक दशके उघड्यावर मांडलेला होता, आणि तो वाचण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती. मधल्या काळात कोवळ्या डोक्यांनी जे आघात व्यर्थ सोसले, त्यांची जबाबदारी नियम ठरविणाऱ्या दफ्तरांवरच पडते.

गलार्डी २०१२ साली, वयाच्या ८६व्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तेवढे विजय अन्य कोणाही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत. आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की उन्हात धावणाऱ्या मुलाने पाणी मागितले, तर सराव थांबवून त्याला ते आधी द्यावे.