शहराचं सायन्स आणि आपलं जाळं



ग्वाल्हेरच्या विकासाची चर्चा निघाली की आयटी, कारखाने, रुंद रस्ते. मासळीचं नाव कोणी काढत नाही. त्यात थोडी चूक आपलीही आहे, त्यावर येतोच.

या गावाला सायन्स नवं नाही. विश्वेश्वरय्यांचे आपोआप चालणारे दरवाजे आधी 1903 साली पुण्याजवळ खडकवासल्याला लागले, मग आपल्या तिघऱ्याला. तेच तिघरा 1917 मध्ये फुटलं, कारण पायाच्या दगडात पाणी शिरलं. वरचं यंत्र भारी असून भागत नाही, खालची जमीनही तपासावी लागते. आज रेल्वेच्या डब्याखाली जे बायो-टॉयलेट असतं, त्याचं संशोधन आपल्याच शहरातल्या डीआरडीईमध्ये झालं. देशभर गेलं. तलावाकाठच्या वस्त्यांना आणि पिकनिकच्या जागांनाही ते लागलं तर पाणी चांगलं राहील आणि मासाही.

आता आपल्या पोटाचा प्रश्न. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळी नदीचं वाहतं पाणी लागतं. 1957 मध्ये हिरालाल चौधरींनी पिट्युटरीचं इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करून दाखवली. 10 जुलैला मत्स्य शेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. म्हणजे आपला धंदा सत्तरेक वर्षं सायन्सवरच चाललाय, आपण फक्त तसं म्हणत नाही.

गेल्या साली आपण बाहेरून बीज आणलं, आठवतंय ना? बोटुकलीचे पैसे दिले आणि पिशवीत निघालं नखाएवढं. निम्मं वाटेत मेलं, उरलेलं मरळीनं खाल्लं. दिवाळीला जाळी हलकीच आली आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागला.

शहरात जिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आहे, कृषी विद्यापीठ आहे. शहराच्या आराखड्यात एक चांगलं बीज केंद्र आणि पाणी तपासायची सोय आली तर मुरैना, भिंड, दतियाची गिऱ्हाईकं इथे येतील. आपल्या शिकलेल्या पोरांना तिथे काम मिळेल. हे मला आयटी पार्कपेक्षा कमी वाटत नाही. काही वडीलधारी म्हणतात, "हे साहेबलोकांचं काम." मला नाही पटत.

पण मागायला गेलो की पहिला प्रश्न येतो, किती बीज सोडलं, किती किलो निघालं? आपल्याकडे विक्रीची वही आहे, वजनाची नाही. कुठल्या जातीचा मासा, केवढा, कुठल्या महिन्यात, काहीच लिहिलेलं नाही. मग कोण ऐकणार?

16 जूनला बंदी लागते, 15 ऑगस्टपर्यंत होड्या काठाला असतात. तेवढ्यात प्रत्येक होडीसाठी एक वही आणि एक काटा घेऊ, खर्च संस्था करेल. 16 ऑगस्टपासून जातीप्रमाणे वजन लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रोज संध्याकाळी ऑफिसात सांगावं, मी लिहून घेईन.