हॉफेनहाइमची नवी खरेदी

मंडळी, आपल्या वाल्डॉर्फचा अस्टोरिया आहेच, पण बुंडेसलिगा म्हटली की हॉफेनहाइम! सॅपच्या हॉपसाहेबांचा पैसा असूनही २०२४-२५ मध्ये १५ वा नंबर, थोडक्यात बचावले. मग २०२५ च्या उन्हाळ्यात खरेदी झाली. बचावपटू माचिदा पहिल्याच लीग सामन्यात गुडघा दुखावून बसला, बिचारा. माझ्या मते खरा सौदा कौफालचा : वेस्ट हॅमशी करार संपलेला, वय तिशीपलीकडचं, म्हणजे अनुभव चक्क फुकटात! बाझेलचा तरुण अवदुल्लाहूही झकास. धास्ती एकच. २०११ मध्ये आलेला फिर्मिनो असाच घडवला आणि २०१५ मध्ये लिव्हरपूलला विकला. तेव्हा मुलांना शर्ट घ्यायचाच तर २०१६ पासून टिकलेल्या क्रामारिचच्या नावाचा घ्या. अवदुल्लाहूचा एवढ्यात नको.