नाताळचा फराळही आपलाच



आपल्या मराठी मंडळाचा वर्षातला हा शेवटचा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मेलबर्नच्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागलेली असेल आणि आपल्या बऱ्याच घरांत भारतातून आजी-आजोबा आलेले असतील. आपल्यापैकी अनेकांच्या लेखी नाताळ हा ‘इकडचा’ सण. मुलांचा हट्ट म्हणून घरात झाड येते, ऑफिसात पार्टी होते आणि २६ तारखेला एमसीजीवर कसोटी सामना सुरू झाला की सण संपतो. पण आपल्याच सभासदांत वसई, नगर, पुणे, गोव्याकडची अशी कुटुंबे आहेत, ज्यांचा नाताळ पणजी-पणजोबांपासून चालत आलेला आहे. त्याची ओळख मंडळातल्या सगळ्यांना व्हावी, यासाठी हे संपादकीय.

वसईकडच्या घरांत नाताळची चाहूल स्वयंपाकघरातून लागते. मैदा, रवा आणि नारळाचे दूध यांचे पीठ मळायचे, छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळायच्या, तळायच्या आणि पाकात घोळवायच्या. हे कुलकुल एकट्याने करायचे काम नव्हे. त्याला घरातली सगळी मुले बसवावी लागतात आणि कढईत उलगडलेले कुलकुल कोणत्या नातवाने वळले होते, हे आजी न विचारता ओळखते. जेवणातल्या मसाल्याची तयारी तर उन्हाळ्यातच झालेली असते. ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती घरांत पावसाच्या आधी मिरच्या, हळद, धणे आणि गरम मसाले वाळवून, भाजून, कुटून गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरतात. हा बॉटल मसाला प्रत्येक घराचा वेगळा असतो आणि तो सासूकडून सुनेकडे जातो.

गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचे ताट शेजाऱ्यांकडे जाते. त्याला कोंसुआद म्हणतात. गणेश चवथीला हिंदू घरांतून नेवऱ्या येतात आणि नाताळला परतफेड होते. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळी, लाडू असा रीतसर फराळ असतो. दिवाळीत शेजारून आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम तिथेही तितकाच पक्का आहे.

नगरकडच्या आजी-आजोबांचा मोठा ठेवा गाण्यांचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ओवी, अभंग, कीर्तन या आपल्याच वाटांनी ख्रिस्तभक्ती मराठीत आणली. त्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यातल्या राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने लिहिला. मेलबर्नकरांना ज्याचा अभिमान आहे तो नाताळगीतांचा ‘कॅरल्स बाय कँडललाइट’ सोहळा १९३८ मध्ये सुरू झाला. तेव्हा टिळकांची गीते नगरच्या घरांत दुसऱ्या पिढीच्या तोंडी होती.

इथे हे सगळे टिकवणे सोपे नाही. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ताऱ्याचा कंदील लावायची वेळ होईपर्यंत लहान मुले पेंगुळतात. भर उन्हाळ्यात तळण काढायला कोणी धजत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. कुलकुलाला दूध किती, असे विचारले की आजी म्हणते, ‘पीठ मागेल तेवढे’. हे प्रमाण कुठल्याही वहीत सापडत नाही. तिच्या शेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते. गीतांचे शब्द पुस्तकात मिळतात, पण घरच्या चाली आजोबांच्या गळ्यातच आहेत. एक पिढी इंग्रजी कॅरल्सवर भागवू लागली, तर पुढच्या पिढीला या चाली विचारायच्या कोणाला?

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्या घरी नाताळ परंपरेने साजरा होतो, त्यांनी या सुट्टीत आजी-आजोबांसमोर फोन ठेवून एक पाककृती आणि एक गाणे ध्वनिमुद्रित करावे. कृती सांगताना त्यांना थांबवून वाटी-चमच्याचा हिशेब करू नका; आधी त्यांच्या पद्धतीने बोलू द्या, मोजमाप नंतर करता येईल. बाकीच्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना शेजारच्या नाताळाविषयी विचारावे. पुण्याच्या कॅम्पात, वांद्र्याला, वसईला राहिलेल्या अनेकांकडे अशा आठवणी आहेत. आजीसाठी बिनअंड्याचा केक आठवणीने वेगळा काढणारी शेजारीण ही आपल्याही घराच्या इतिहासाचा भाग आहे.

जे हाती लागेल ते आम्हाला पाठवा. तुम्ही पाठवलेला मजकूर पुढच्या अंकात ‘नाताळचे ताट’ या सदरात येईल. जानेवारीच्या स्नेहभोजनात नाताळच्या फराळाचे वेगळे टेबल असेल. ते मांडण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. मंडळ सगळ्या मराठी माणसांचे आहे, असे आपण दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. ते या टेबलावरही दिसायला हवे.

आजी-आजोबांची परतीची तिकिटे बहुधा फेब्रुवारीची असतात. त्याआधी हे काम उरकून घ्या. सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक मंडळ