चाव्यांबरोबर उजेडही मोजा

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. ते स्वागतार्हच आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. पण ही घरे मोजायची कशी, हे आताच ठरायला हवे. नुसत्या चाव्या मोजल्या की काय होते, ते गोवंडी-मानखुर्दमध्ये दिसले आहे.

रेल्वेमार्ग आणि रस्त्यांच्या कामांसाठी उठवलेल्या हजारो कुटुंबांना तिथल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. डोक्यावर पक्के छत आले, घरात संडास आला. रुळांच्या कडेला मुले वाढवलेल्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण शेजारची इमारत कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटरवर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. दोन इमारतींमधल्या बोळात वरून कचरा पडतो, सांडपाणी साचते. वास आणि डास नकोत म्हणून आहे ती खिडकीही बंदच राहते. एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोप, आणि कुणाला खोकला असेल तर तोही तिथेच.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या अभ्यासकांना सोबत घेऊन या दोन वसाहती आणि जवळचीच पीएमजीपी वसाहत अशा तीन ठिकाणी घरोघर पाहणी केली. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोग आढळला. पीएमजीपीत हेच प्रमाण शंभरात एखाद्या घराचे होते. वॉर्ड तोच, आर्थिक परिस्थितीही तशीच. पण तिथे इमारतींमध्ये अंतर आहे, ऊन-वारा आत येतो. एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि कोंदट खोलीत रेंगाळतात, यात कुणाचे दुमत नाही.

घरात उजेड-हवा हवी, हे मुंबईला तर फार पूर्वीच कळले होते. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि दोनच वर्षांत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला: समोरच्या इमारतीचा माथा खोलीच्या तळापासून या कोनाच्या वर जाता कामा नये. म्हणजे समोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या फार तर दुप्पट उंची. या हिशेबाने तीन मीटरच्या अंतराला सहा मीटरची, दुमजली इमारत शोभते. नटवर पारेखमधल्या इमारती तळमजला अधिक सात मजल्यांच्या आहेत.

जमीन महाग आहे, अंतर वाढवले तर घरे कमी होतील, असे सांगितले जाते. हा मुद्दा खोटा नाही, पण अर्धाच आहे. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत त्याच भूखंडावर विक्रीचा टॉवर उभा राहतो. त्याला पोडियम, बाग, चहूबाजूंनी हवा मिळते. पुनर्वसनाच्या इमारती मात्र एका कडेला खेटून उभ्या राहतात, अंतराच्या नियमातली सूटही त्यांच्याच वाट्याला येते. ही वाटणी सरकारी मंजुरीने होते, म्हणून ती बदलताही येते.

पैशाचाच हिशेब मांडायचा तरी पूर्ण मांडावा. क्षयरुग्णाला सरकार मोफत औषधे देते आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये देते. हा खर्च योग्यच आहे. पण ती औषधे तो त्याच अंधाऱ्या खोलीत घेतो, मुलांच्या शेजारी. नाक्यावरच्या मजुराचे उपचाराच्या काळात काम सुटते, मग पगारदारांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या त्याच्या बायकोचीही कामे सुटतात. भाडे वाचले म्हणून हाती राहणारा पैसा आजारपणात जातो, आणि शेवटी काही जण घर भाड्याने देऊन पुन्हा झोपडीची वाट धरतात.

म्हणून नव्या धोरणाखालच्या प्रत्येक इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तळमजल्यावरच्या सर्वांत आतल्या खोलीतला उजेड आणि हवा मोजली जावी, ते आकडे जाहीर व्हावेत आणि मंजुरीत महापालिकेच्या आरोग्य खात्याला नकाराचा अधिकार असावा. पुनर्वसन इमारतींना अंतरात मिळणारी सूट थांबवावी. गोवंडी-मानखुर्दमध्ये आज राहणाऱ्यांसाठी बोळांची रोजची सफाई आणि खालच्या मजल्यांवर एक्झॉस्टची सोय एवढे तरी याच वर्षी व्हावे.

एक वाचक, मुंबई