हरमनप्रीतचा ड्रॅग-फ्लिक अडला, तर गोल कोण करणार?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) भारतीय पुरुष हॉकी संघाने ८ सामन्यांत १५ गोल करून कांस्यपदक जिंकलं. त्यातले १० गोल एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंगचे, आणि तो खेळतो बचावफळीत. पाच आघाडीपटूंचे मिळून गोल किती? फक्त ४. अभिषेकचे दोन, मनदीप आणि सुखजीतचा प्रत्येकी एक.

मग आघाडीची फळी कमकुवत आहे का?

इतकं सरळ नाही. 'डी'मध्ये घुसून पेनल्टी कॉर्नर मिळवणं, समोरच्या बचावपटूंवर दबाव टाकून चेंडू हिसकावणं हेही आघाडीपटूंचंच काम. हरमनप्रीतच्या गोलांमागे ही मेहनत असते. शिवाय हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. सतत धावणारे आघाडीपटू काही मिनिटांनी बाहेर येतात, त्यामुळे बाकावरचे खेळाडूही तितकेच ताकदीचे लागतात.

बदल कुठे दिसला?

राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात (सप्टेंबर २०२५) भारताने कोरियाला ४-१ असं हरवलं. दिलप्रीत सिंगचे दोन आणि सुखजीतचा एक, म्हणजे चारपैकी तीन गोल आघाडीपटूंचे. दिलप्रीत तर पॅरिसच्या १६ जणांत नव्हताही. या विजयाने २०२६च्या विश्वचषकाचं तिकीटही मिळालं.

खरी परीक्षा कोणती?

युरोपातले संघ. पॅरिसच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ३-२ असं हरवलं, तेव्हा भारताचे दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवरून आले होते. मैदानी गोल एकही नाही. १९७५च्या विजेतेपदानंतर विश्वचषकात भारताला पदक मिळालेलं नाही. ते हवं असेल, तर हरमनप्रीतवरचा भार आघाडीच्या फळीला वाटून घ्यावाच लागेल.