मृत्युपत्र कोणाकडून लिहून घ्यावे?



भाताची मळणी उरकून घरोघरी थोडी सवड झाली की जमिनीच्या वाटणीच्या तक्रारी आमच्यापर्यंत येऊ लागतात. कोणीतरी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेला कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "फादर, हे बाबांचे मृत्युपत्र. दादाला तेवढे समजावून सांगा." कागद उलगडून पाहावा तो बहुधा वहीचे पान असते; वर शेजारच्या मास्तरांचे वळणदार अक्षर, खाली वडिलांचा अंगठा. त्यात वडिलांची माया पुरेपूर असते. कायद्याला जे हवे ते मात्र पुष्कळदा नसते, आणि वडिलांना विचारण्याची वेळ टळून गेलेली असते.

अंगठ्याला कायद्याची हरकत नाही. गोव्याबाहेरच्या आपणां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मात्र करणाऱ्याने सही अथवा खूण केली पाहिजे, आणि निदान दोन साक्षीदारांनी ती करताना पाहून, किंवा ती आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमक्ष आपल्या सह्या केल्या पाहिजेत. हे इतके सोपे दिसते म्हणूनच लोक विचारतात, वकिलाला पैसे कशाला द्यावयाचे? खरी मेख पुढेच आहे.

समजा, एका विधुर शेतकऱ्याची अखेरची सेवा त्याच्या धाकट्या मुलीने केली. मुलगे आखाती देशांत नोकरीला. म्हाताऱ्याने राहते घर मुलीच्या नावे लिहिले. साक्षीला त्या वेळी घरात कोण? जावई, आणि हाक मारताच आलेला एक शेजारी. दोघांनी सह्या केल्या, सर्वांना समाधान वाटले. परंतु साक्षीदाराला, किंवा साक्षीदाराच्या पतीस वा पत्नीस, मृत्युपत्राने जे दिले असेल ते रद्द ठरते, असे त्या कायद्याचे ६७ वे कलम सांगते. मृत्युपत्र खोटे ठरत नाही. त्यातून मुलीचे घर तेवढे गळून पडते. उरल्यासुरल्या मिळकतीची काही व्यवस्था लिहिलेली नसेल तर त्या घराचे सर्व भावंडांत सारखे वाटे पडतात. ज्याने तिच्यासाठी सही केली त्याच्याच सहीने तिचे छप्पर गेले! जावयाऐवजी दुसऱ्या शेजाऱ्याला हाक मारा, एवढे सांगायला वकिलाला पाच मिनिटे पुरली असती.

येथे कोणी म्हणेल, आमच्या शेजारच्या पाटलांच्या मृत्युपत्रावर तर सुनेच्या नावे जमीन होती आणि मुलाचीच साक्ष होती, ते कसे टिकले? उत्तर असे की हिंदूंच्या मृत्युपत्रांना हे कलम लागू नाही. शेजाऱ्याचा कागद नकलून घेण्यात हाच धोका आहे. दुसरे उदाहरण विवाहाचे. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केले आणि नंतर विवाह केला, तर आधीचे मृत्युपत्र त्या विवाहाने आपोआप रद्द होते. पहिल्या पत्नीच्या मुलांची सोय लिहून ठेवून पुन्हा वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या विधुरांपैकी किती जणांना हे ठाऊक असते? नवा कागद केला नाही तर कायद्याने विधवेला एक तृतीयांश आणि सर्व मुलांना मिळून दोन तृतीयांश असे वाटे होतात.

कचेरीत नोंदणी केली म्हणजे मृत्युपत्र निर्दोष झाले, हाही एक भ्रमच. नोंदणीने कागद हरवण्याचे भय कमी होते, पण जावयाच्या साक्षीचा दोष तिने धुऊन निघत नाही. बँकेत ज्याचे नाव नामनिर्देशनात लावले तोच पैशाचा मालक, ही समजूतही तशीच. त्याने पैसे स्वीकारावयाचे आणि ते खऱ्या वारसांच्या स्वाधीन करावयाचे. आणि उताऱ्यावर चार भावांची नावे असताना सबंध मळा एकाने लिहून दिला, तर दिला जातो तो फक्त त्याचा हिस्सा.

आपल्या बेळगाव-खानापूर भागातील अनेक घरे मूळची गोव्याची. ज्यांचे कायमचे वास्तव्य अजून गोव्यातच धरले जाते, त्यांना वरचे बरेचसे नियम लागूच नाहीत. तेथे निराळा करार केला नसल्यास विवाहाबरोबर मिळकत पतिपत्नींची समाईक होते, आणि मुले असतील तर आपल्या हिश्श्याच्या निम्म्यापुरतीच इच्छा चालते. म्हणजे समाईक मिळकतीचा फार तर चौथा भाग. अशा गोवेकराचे बेळगावास शेत असले तरी त्याचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. आपण गोव्याचे की येथले, हा प्रश्न प्रत्येकाच्या कागदपत्रांवरून पाहावा लागतो. तो आम्हांला विचारू नका, वकिलाला विचारा.

ख्रिस्तसभेला वा धर्मादायास काही द्यावयाचे असेल तर पूर्वी मोठीच अडचण होती. भाचा-पुतण्या किंवा त्याहून जवळचे नातलग असणाऱ्या ख्रिस्ती माणसाने असे दान मृत्यूच्या निदान बारा महिने आधी लिहिले पाहिजे आणि सहा महिन्यांच्या आत सरकारी ताब्यात ठेविले पाहिजे, अशी अट होती. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २००३ साली रद्द केले. तरीही आजाऱ्याच्या अभ्यंगास गेलो असता कोणी "फादर, दोन ओळी तुम्हीच लिहा" म्हटले, तर आम्ही नाही म्हणतो. धर्मगुरूच्या अक्षरात लिहिलेले चर्चला दिलेले दान पाहून वारसांच्या मनात काय येईल, ते का सांगावयास हवे? ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदाही, अशा दानात शक्य तोवर मुलकी कायद्याचे उपचार पाळावेत, असेच सांगतो.

वकिलाकडे जाताना जमिनीचे उतारे, घराचे कागद, बँकेची पुस्तके आणि विवाहाचा दाखला बरोबर न्यावा. विवाहाचा दाखला पॅरिशच्या कचेरीतून मिळेल. वय फार झाले असेल किंवा दुखणे मोठे असेल, तर त्याच सुमारास डॉक्टरांकडून, मन व स्मृती शाबूत असल्याची चिठ्ठी घ्यावी. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे तालुका विधी सेवा समितीकडून सल्ला फुकट मिळू शकतो. ही समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते. बाजाराच्या दिवशी गेलात तरी काम होईल, फक्त सकाळी जा.