शस्त्रक्रियागृहातील सज्जतेचा हिशेब

शस्त्रक्रिया चालू असताना हृदय बंद पडून रुग्ण दगावला, अशी बातमी आली की समाजाची प्रतिक्रिया दोनपैकी एका टोकाला जाते. एक तर दैवाला दोष दिला जातो, नाहीतर रुग्णालयाच्या काचा फुटतात. यापैकी कशानेही पुढच्या रुग्णाच्या सुरक्षिततेत भर पडत नाही.

वास्तविक हृदयक्रिया बंद पडण्याच्या सर्व प्रसंगांत शस्त्रक्रियागृहातील प्रसंग हा अधिक आशेचा होय. रस्त्यात कोसळलेल्या माणसाला मदत मिळेपर्यंत चार-पाच मिनिटे लोटतात आणि तेवढ्यात मेंदूला कायमची इजा होऊ लागते. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ उशाशी असतो, शिरेत सुई असते आणि हृदयाचा आलेख पडद्यावर दिसत असतो. अतिरक्तस्राव, प्राणवायूची कमतरता, औषधाची तीव्र ॲलर्जी, भुलीच्या औषधाचा विषारी परिणाम अशी कारणेही पुष्कळदा तेथल्या तेथेच उमगतात. छातीवर दाब, प्राणवायू, ॲड्रिनलिन आणि जरूर तेथे विजेचा झटका हे उपचार चालू ठेवूनच मूळ कारण दूर करावे लागते. ब्रिटनमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असा प्रसंग सुमारे तीन हजार भुलींमागे एकदा ओढवल्याचे दिसले आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वेळा हृदय पुन्हा चालू करण्यात यश आले.

हे यश योगायोगाचे नव्हे. 1947 साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत हृदय बंद पडलेल्या 14 वर्षांच्या मुलाला वाचविले, ते हाताने हृदय दाबत ठेवून आणि प्रायोगिक उपकरणाने हृदयाला विजेचा झटका देऊन. त्यामागे प्राण्यांवरील अनेक वर्षांचे प्रयोग होते. 1960 मध्ये बाहेरून छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध झाल्यावर हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षित हाताला साध्य झाले. आज अडचण ज्ञानाची नसून सज्जतेची आहे.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. रोज एक शस्त्रक्रिया करणाऱ्या लहान रुग्णालयावर वरील प्रमाणाने हा प्रसंग आठ-नऊ वर्षांतून एकदा येईल. तोवर डिफिब्रिलेटर कोपऱ्यात पडून राहतो, औषधांची मुदत संपते, परिचारिका बदलतात. चालकाला हा खर्च निष्फळ वाटतो आणि रुग्णाला तो दिसतच नाही. वैद्यकसेवेत ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही, हे केनेथ ॲरो यांनी 1963 मध्येच दाखवून दिले होते. रुग्ण खोलीचे भाडे विचारतो. झटका देण्याचे यंत्र चालू आहे काय, हे विचारीत नाही. साहजिकच दरांच्या चढाओढीत प्रथम काट बसते ती न दिसणाऱ्या खर्चाला.

कडक नियमांनी तालुक्याच्या गावांतील लहान रुग्णालये बंद पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. जवळचे रुग्णालय बंद झाल्यास गरीब रुग्णाचेच हाल होतील. परंतु यंत्र एकदाच घ्यावे लागते, आणि सरावाला पैशापेक्षा वेळच अधिक लागतो. यंत्राच्या किमतीचा काही भार ग्रामीण भागात शासनाने उचलणे हे अग्निशमन दल पोसण्याइतकेच न्याय्य ठरेल. आग लागली नाही म्हणून बंबावरचा खर्च कोणी वाया गेला म्हणत नाही.

महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे. नोंदणीचे नूतनीकरण करताना खाटा आणि खोल्या मोजण्यावरच न थांबता यंत्राची तपासणी, औषधांची मुदत आणि दर सहा महिन्यांनी झालेल्या सरावाची नोंद पाहिली जावी. शिवाय अशा प्रत्येक प्रसंगाची माहिती नाव गुप्त ठेवून एकत्र केली जावी. शिक्षेच्या भीतीने चुका दडविल्या जातात आणि दडविलेल्या चुकांतून दुसरे रुग्णालय काही शिकू शकत नाही. भुलीच्या अमलाखाली गेलेला रुग्ण स्वतःसाठी काहीच मागू शकत नाही. त्याच्या वतीने ही मागणी समाजाने शुद्धीवर असतानाच केली पाहिजे.